त्यांची कूस कोण बदलत होतं?

इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर एक लांबट वॉर्ड आहे. तिथले पेशंट महिनोन्‌महिने उठत नाहीत, बोलत नाहीत, तक्रार करत नाहीत. त्यांच्या वाटची सगळी तक्रार मावशी करायच्या. चादरीला सुरकुती पडलीय, खिडकीतली तिरीप थेट डोळ्यांवर येते, नवा साबण नुसता वास मारतो पण मळ काढत नाही, मोठ्या डॉक्टरांचे बूट करकरतात. मावशींना ज्यात खोट सापडणार नाही अशी वस्तू अजून बनायची होती. "छान झालंय" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघालेले कोणी ऐकले नव्हते, आणि कोणी ऐकायची वाटही बघत नव्हतं.

मावशी त्या वॉर्डात आया होत्या. नोकरीला लागल्या तेव्हा डोक्यावर एक पांढरा केस नव्हता, आता काळा शोधून सापडत नव्हता. काम सांगायला सोपं. न हलणाऱ्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची. डावी कूस, मग पाठ, मग उजवी कूस. पलंगाच्या एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला वॉर्डबॉय, ज्यांना सगळे मामा म्हणत. मधे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर. मावशींनी "हं" म्हणायचं आणि दोघांनी एकदम ओढायचं. पाठीमागे उशी, दोन गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. मग माकडहाड, कोपरं, टाचा नीट न्याहाळायच्या. कातडी कुठे लाल दिसली की मावशींचा पारा चढलाच, कारण एकाच अंगावर पडून राहिलेल्या माणसाला जखम होते आणि ती आतून कुरतडत जाते. मावशींच्या पाळीत अशी जखम कोणाला झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. याबद्दल सिस्टरांनी एकदा सगळ्यांसमोर त्यांचं कौतुक केलं, तर मावशी म्हणाल्या, "ते राहू द्या, त्या कपाटाची कडी आधी दुरुस्त करून घ्या."

कौतुक त्यांना घेता येत नसे, आणि देता तर त्याहून येत नसे. कौतुकानं माणूस सैल पडतो असं त्यांचं ठाम मत होतं. नवरा होता तोवर त्याच्या चहात साखर जास्त, चालण्यात फेंगडेपणा आणि गाण्यात सूर कमी, हे त्यांनी त्याला न चुकता सांगितलं. तो बिचारा एक दिवस गेला. आपण बायकोला फार आवडत होतो हे त्याला शेवटपर्यंत कळलं होतं की नाही, अशी शंका मावशींना अधूनमधून येई, आणि ती आली की त्या स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून घासत.

मुलगा जहाजावर इलेक्ट्रिशियन. लग्न झालं, हळद पुरती उतरायच्या आत त्याला बोलावणं आलं आणि तो बंदरावरून हात हलवत निघून गेला. मागे दोन खोल्यांच्या घरात सासू आणि सून.

सून घरूनच काम करायची, तेही रात्री. जपानी कार्टून बघायची आणि त्यातलं चांगलं काय, वाईट काय ते माइकसमोर बोलून इंटरनेटवर टाकायची. "कार्टून नाही आई, अ‍ॅनिमे म्हणतात त्याला," तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मावशी "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा कार्टूनच म्हणू लागल्या. सुनेच्या कानांवर सदा ते भलेमोठे हेडफोन. मावशी बोलायच्या तेव्हा तिला ऐकू जायचं नाही आणि ती बोलायची तेव्हा मावशींनी नळ सोडलेला असायचा. दिवसभरात दोघींचं बोलणं म्हणजे एवढंच:

"दूध तापवलंस?"

"हो."

"झाकण नाही ठेवलंस."

अशात ती दुपार आली. मावशी सकाळच्या पाळीला निघाल्या तेव्हा सून नुकतीच झोपली होती, डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. दुपारी परत आल्या तर ती तशीच. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड. मावशींच्या मनात खरोखर काही आलं नाही. आले ते हात. खांद्यावरची पिशवी खाली पडली, एक हात सुनेच्या खांद्याखाली गेला, एक कमरेखाली, तोंडातून "हं" निघालं आणि सून उजव्या कुशीवर. पाठीमागे लोड, गुडघ्यांच्या मधे सोफ्यावरची उशी, सगळं रीतसर. मग टाच बघायला मावशींनी पांघरूण वर उचललं, तोच सुनेने अशी किंकाळी फोडली की खालच्या दुकानातल्या शिंप्याचं मशीन बंद पडलं.

"काय करताय तुम्ही?" सून भिंतीला टेकून पांघरूण अंगाशी ओढत होती.

"कूस बदलली."

"का?"

"सकाळपासून एकाच अंगावर होतीस."

"मी काय तुमची पेशंट आहे?"

इथे कोणीही शहाणी बाई म्हणाली असती, चुकले गं, सवय आहे हाताला. मावशी म्हणाल्या, "किंचाळायला काय झालं? टाचा बघ किती भेगाळल्यात. तेल लाव."

संध्याकाळी मावशी कणीक भिजवत होत्या आणि सून आतल्या खोलीत आपल्या आईशी फोनवर बोलत होती. दार लोटलेलं होतं, पण पातळ प्लायवूडचं. "नाही, मी येतेच. तो परत येईपर्यंत तिकडेच राहते. इथे श्वास घेतला तरी चूक निघते गं." मग स्टूल ओढल्याचा आवाज, मग माळ्यावरची बॅग खाली आल्याचा. जेवताना सुनेने सांगितलं, पुढच्या रविवारचं तिकीट काढलंय.

"बरं," मावशी म्हणाल्या. "भात मोकळा झाला नाही आज."

पण भात ताटात तसाच राहिला. नवरा गेल्यावर आणि मुलगा समुद्रावर गेल्यावर या घराची काय अवस्था होती ते त्यांना चांगलं आठवत होतं. रेडिओवरचे बाजारभाव ऐकत त्या एकट्या जेवायच्या, का तर तेवढाच माणसाचा आवाज. सून आल्यापासून संध्याकाळी जिना चढताना दाराखाली उजेडाची रेघ दिसायची, उंबऱ्यापाशी चपलांचा दुसरा जोड असायचा. ती मुलगी जाऊ नये असं मावशींना फार फार वाटत होतं. दुनियेतल्या यच्चयावत गोष्टींवर बोलू शकणाऱ्या त्या बाईला "राहा" एवढं म्हणता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातल्या पेशंटला वळवताना त्यांनी मामांना सगळं सांगितलं. मामा चादर हातात धरून हसले, मग मावशींचा चेहरा बघून गंभीर झाले.

"तिला आवडतं ते तिच्या शेजारी बसून बघा," मामा म्हणाले. "आणि तोंड बंद ठेवा."

"तोंड बंद ठेवून बघायचं तर डोळे कशाला दिलेत देवानं?"

तरी त्या दिवशी दुपारी मावशी दोन कप चहा घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. सून नुकतीच उठून लॅपटॉप उघडत होती. बॅग भिंतीपाशी उघडी पडली होती, कपडे अर्धे आत.

"काय बघतेस ते मलाही दाखव," मावशी म्हणाल्या. आवाज असा की जणू झडती घ्यायला आल्यात.

सुनेने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. यांना बरं नाही का, असा तिचा चेहरा झाला. मग तिने पलंगावर थोडी जागा करून दिली. लॅपटॉपमधली माणसं जपानी बोलत होती, खाली इंग्रजी अक्षरं पळत होती आणि मावशी पहिल्या शब्दाशी पोहोचेपर्यंत ती गायब होत होती. तेव्हा हेडफोन काढून गळ्यात अडकवण्यावाचून आणि सगळं मराठीत सांगण्यावाचून सुनेला गत्यंतर राहिलं नाही.

गोष्ट अशी होती. एक खेळ. डोक्यावर मुखवटा चढवायचा आणि पलंगावर पडायचं, की माणूस थेट खेळातल्या शहरात. मुखवटा चढवला की बाहेरच्या शरीराचं बोटही हलत नाही. शहराला तीस दरवाजे, प्रत्येक दरवाज्यावर एक राक्षस. पहिल्याच दिवशी शहरातली सगळी घड्याळं बंद पडतात आणि खेळ बनवणारा माणूस चष्मा सारखा करत सांगतो, शेवटचा दरवाजा उघडेपर्यंत कोणाला बाहेर जाता येणार नाही. इथे मेला तो खरोखरीच मेला, आणि बाहेरून कोणी मुखवटा ओढून काढला तरी मेला. नायकाचे केस कायम डोळ्यांवर, म्हणून मावशींनी त्याचं नाव ठेवलं झिपऱ्या. नायिकेच्या हातात लांब भाला, ती भालेवाली. खेळ बनवणारा चष्मेवाला. जपानी नावं सुनेच्या जिभेवर होती, पण दोन दिवसांत तीही झिपऱ्याच म्हणू लागली.

मावशींनी मामांचं ऐकून तोंड बंद ठेवलं होतं. ते टिकलं पहिल्या भागाच्या शेवटापर्यंत. शेवटी कॅमेरा शहरातून बाहेर येतो आणि एक इस्पितळ दाखवतो. ओळीनं पलंग, पलंगांवर मुखवटे घातलेली माणसं, आणि पडद्यावर लिहून येतं: दोन वर्षांनंतर.

"दोन वर्षं?" मावशी पुढे सरकल्या.

"हो."

"अशीच? पाठीवर?"

"आई, ते महत्त्वाचं नाहीये. आत युद्ध चाललंय."

"आत चालू दे की युद्ध. बाहेर यांची कूस कोण बदलतंय? एवढ्या मोठ्या वॉर्डात एक आया दिसत नाही. चादरीला घडी नाही, नाकात नळी नाही, पलंगाला लघवीची पिशवी नाही. आणि त्या भालेवालीची नखं बघ, दोन वर्षं बेशुद्ध आहे आणि नखं रंगवलेली!"

सुनेने व्हिडिओ थांबवला. आता ही पुन्हा कुठे दार लावून घेते, म्हणून मावशी घाबरल्या. पण सुनेच्या ओठांचा कोपरा हलत होता.

"थांबा," ती म्हणाली. "माझा एक नियम आहे. एक दोष सांगायच्या आधी मी एक गुण सांगते. नाहीतर लोक म्हणतात, ही नुसती किरकिर करते. माझ्याबरोबर बघायचं असेल तर तुम्हालाही हाच नियम."

"आणि गुण नसलाच तर?"

"शोधायचा. तोवर दोष पोटात."

मावशींनी गुण शोधला. कपाळावर घाम आला. "पडदे चांगले आहेत."

"कसले पडदे?"

"इस्पितळाचे. स्वच्छ धुतलेत. झालं? आता सांगू का, टाचांखाली काही ठेवलेलं नाही ते?"

सून हसली. त्या घरात लग्नानंतर प्रथमच ती मोठ्याने हसली, आणि मावशींना वाटलं, ही पोरगी हसते तेव्हा दात जरा पुढे येतात. पण त्याच्या आधी काही गुण सुचेना, म्हणून त्या गप्प बसल्या.

मग रोज दुपारी पाळी संपवून त्या धावत घरी येऊ लागल्या. पलंगावर बसायच्या, डावा खांदा चोळत चोळत बघायच्या. आणि गंमत म्हणजे गुण सापडू लागले. पहिल्यांदा ओढूनताणून, मग आपोआप. "गेला तो गेला, हे बरं केलंय. नाहीतर सिनेमात मेलेला माणूस शेवटच्या गाण्याला हजर. इथे माणूस मेला की पुढच्या भागात त्याची जागा रिकामी दिसते." "भीती खरी आहे. रात्री सगळी बडबड करतात ना, ती घाबरलेली माणसंच करतात." "संगीत छान आहे, पण," असं सुरू झालं की सून बोट वर करायची, कारण गुणातच 'पण' घालायला बंदी होती. दोषही चुकले नाहीत. झिपऱ्याने दोन वर्षांत कोणाचे एकदाही आभार मानले नाहीत. चष्मेवाल्याने एवढ्या माणसांना कशासाठी कोंडलं याचं उत्तर म्हणून तो ढगांकडे बघून काहीतरी पुटपुटतो. हे उत्तर मावशींनी वॉर्डात डॉक्टरांना दिलं असतं तर त्यांना घरी पाठवलं असतं.

एका भागात तर लढाईच नव्हती. झिपऱ्या आणि भालेवाली थकून तळ्याकाठी एक घर घेतात. तो छप्पर दुरुस्त करतो, ती सूप करते, सुपात मीठ जास्त होतं, तो ते न बोलता पितो, आणि बाहेर वाट बघत असलेल्या मरणाबद्दल दोघंही अवाक्षर काढत नाहीत. तो भाग संपला तेव्हा मावशी पदराने डोळे पुसत होत्या.

"कांदा," त्या म्हणाल्या.

"कुठे आहे कांदा?" सून म्हणाली.

"सकाळी चिरला होता."

सुनेने पुढे विचारलं नाही. रात्री मावशींनी बॅगेकडे चोरून पाहिलं. चार्जर आणि दोन कुर्ते बाहेर आले होते.

इकडे वॉर्डात तेच. पेशंटशी बोलत काम करायची मावशींची जुनीच रीत. ऐकू जातं की नाही कोण जाणे, पण जात असलं तर? आता त्या कूस बदलता बदलता अख्खी गोष्ट सांगू लागल्या. मामा चष्मेवाल्याच्या बाजूने झाले, कारण "एवढा मोठा खेळ एकट्यानं बनवला त्यानं." सिस्टर औषधांची ट्रॉली थांबवून, दहावा दरवाजा उघडला का, विचारून जायच्या. नियमसुद्धा अंगवळणी पडत चालला होता. एका सकाळी मावशी म्हणाल्या, "मामा, चादर सरळ घातलीत आज. पण कोपरा दुमडला नाही." मामांनी कोपऱ्याचं ऐकलंच नाही. त्यांनी सिस्टरांना बाजूला नेऊन, मावशींचा ताप बघा, म्हणून सांगितलं.

सगळं असं सुरळीत चाललं असताना शुक्रवारी गोष्टीचा उत्तरार्ध सुरू झाला आणि घात झाला.

उत्तरार्धात चष्मेवाला भालेवालीला पकडतो आणि शहराच्या टोकावर काचेच्या खोलीत ठेवतो. भाला काढून घेतो. ती आत, झिपऱ्या बाहेर, आणि तो तिला सोडवायला निघतो. मावशी बघत राहिल्या. एक भाग, दुसरा भाग. तिसऱ्याला त्यांचा बांध फुटला. गुणाचं नावही न घेता त्या सुटल्या.

"हे काय लावलंय? दहा दहा राक्षसांना लोळवणारी पोरगी, आणि आता बसलीय काचेत रडत? तो येईल आणि दार उघडेल म्हणून? हे लिहिणाऱ्याला मधेच ताप आला असणार. आणि हे ज्यांना आवडतं ना, त्यांनाही भरलाय ताप. अक्कल गहाण टाकून बघत असतील."

सुनेने व्हिडिओ थांबवला. तिने पडदा हळूच खाली केला.

"मला आवडतं," ती म्हणाली.

खांदा चोळणारा मावशींचा हात थांबला.

"मी सतरा वर्षांची होते. स्कूटरवरून पडले, उजवा खुबा मोडला. किती महिने पाठीवर पडून होते. फोन तोंडासमोर धरून हेच बघायचे, हाच उत्तरार्ध. पूर्वार्ध सगळ्यांना आवडतो, त्यात मारामारी आहे. पण माझ्यासारखी अडकलेली होती ती ह्याच्यात." ती थांबली. "खुबा अजून दुखतो. म्हणून मी उजव्या कुशीवर झोपत नाही, आई. त्या दिवशी तुम्ही मला नेमकं त्याच खुब्यावर टाकलंत."

मग तिने हेडफोन कानांवर चढवले.

मावशी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. अंगाला हात लावायच्या आधी पेशंटला विचारायचं, कुठे दुखतं. पेशंट बोलत नसला तर नातेवाइकाला विचारायचं. हा पहिला धडा. नव्याने लागलेल्या बायकांना त्या दरडावून हे शिकवत आल्या होत्या. आणि स्वतःच्या घरातल्या पोरीला त्यांनी विचारलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतर एवढ्या दुपारी शेजारी बसूनही नाही. तिच्या टाचेवरच्या भेगा दिसल्या, पण दुखणं दिसलं नाही. मावशींना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी डबे खाली काढले, पण घासवेनात.

शनिवारी त्यांनी रजा टाकली. रजा म्हटल्यावर सिस्टरांनी, कोण गेलं, असं विचारलं. सून प्रवासाचं सामान आणायला बाहेर गेली, तशा मावशी लॅपटॉपसमोर बसल्या. बटणं दाबता दाबता आधी हवामान आलं, मग जहाजावरच्या मुलाचा फोटो आला, मग एकदाची काचेची खोली आली. आज मराठी सांगायला कोणी नव्हतं आणि खालची अक्षरं वाचण्याच्या फंदात त्या पडल्या नाहीत. तेव्हा त्या वॉर्डात जशा बघायच्या तशा बघू लागल्या. बोलणं सोडून द्यायचं आणि अंगाकडे बघायचं.

सून परतली तेव्हा सासूबाईंचं नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं.

"आई?"

"बस इथे. आधी चांगलं सांगते." मावशींनी बटण दाबलं, हवामान आलं. "ते नको. तू लाव. काचेची खोली, पहिल्यांदा रडते तिथे."

सुनेने लावलं.

"तिच्या तोंडाकडे बघू नको. पाय बघ. रडायच्या आधी बघ, भिंतीला हात लावून चालतेय. हा असा फेरा. आता पुढचा भाग लाव. इथेही. झिपऱ्या तिकडे लढतोय, आणि मागे हिची सावली बघ. टाचा वर, खाली, वर, खाली. व्यायाम करतेय पोरगी! रोज करतेय. पाय जाऊ देत नाहीये. आणि शेवटी दार उघडतं तेव्हा झिपऱ्या तिला उचलायला हात पुढे करतो ना, तर ही त्याच्या हाताखालून स्वतःच्या पायांनी बाहेर येते. त्यानं नुसतं दार उघडलं. बाहेर ती आली आपली आपण."

सुनेने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. पुन्हा मागे नेला.

"हे मला कधी दिसलंच नाही," ती म्हणाली. "इतक्या वेळा बघून."

"दिसणार कसं? तू खालचं वाचत होतीस. मलाही पहिल्या खेपेला दिसलं नाहीच. मी ओरडत होते."

तिने हात आपल्या उजव्या खुब्यावर ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "तेव्हा मीसुद्धा चालायचे. भिंत धरून. आईनं चालायला लावलं म्हणून, रडत रडत. आणि दोष? या भागाचा दोष काय?"

"दोष ढीगभर आहेत. ते राहू देत." मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुझं सांगते. आधी चांगलं."

सुनेने लॅपटॉप बाजूला सरकवला.

"तू घरात असलीस की मला बरं वाटतं. जिन्यातूनच बरं वाटतं. गोष्ट सांगतेस ती छान सांगतेस, राक्षसाचा आवाज काढतेस तोही छान. चहा पातळ करतेस, पण..."

"आई, गुण चाललेत."

"तेच सांगतेय. पातळ करतेस, पण दोन कप करतेस." मावशींनी पदराचं टोक सोडून दिलं. "खुब्याचं मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं. आता दोष. दोष एकच आहे. उद्या जातेयस."

सुनेने त्यांचा हात धरला. म्हणाली, तिकीट काढलंय, तिकडे आई डोळे लावून बसलीय, जावं तर लागेल. पण परत येईन. आणि पुढचा सीझन माझ्याशिवाय बघायचा नाही.

रविवारी रिक्षा आली आणि ती गेली. परत येईन, म्हणाली होती. वॉर्डात नातेवाईक रोज पेशंटच्या कानाशी वाकून उद्या येतो म्हणतात, त्यामुळे या वाक्याची किंमत मावशींना पुरती ठाऊक होती. सुरुवातीला रोज फोन यायचा. मग एक दिवस सून म्हणाली, "आई, इथे अजून थोडे दिवस राहते हं." मावशी "बरं" म्हणाल्या. रेडिओवरचे बाजारभाव पुन्हा सुरू झाले. मामांनी विचारलं, पुढे काय झालं त्या भालेवालीचं, तर मावशींनी सांगितलं, पुढचं बंद आहे, आणि इतक्या जोरात चादर ओढली की मामा पलंगावर आडवे व्हायचे वाचले.

एकदा दुसरी आया आली नाही आणि मावशींनी सलग दोन पाळ्या काढल्या. घरी येऊन त्या सोफ्यावरच पडल्या, साडीही न बदलता, डाव्या कुशीवर. डावा खांदा ठणकत होता. इतक्या वर्षांत इतकी माणसं ओढली त्याचं ते दुखणं. ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलंही कोणी नव्हतं. त्यांना गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा त्या उजव्या कुशीवर होत्या.

डोळे उघडायच्या आधीच त्यांच्या पाठीने सांगितलं, मागे लोड आहे. गुडघ्यांच्या मधे सोफ्यावरची उशी होती. मावशी निपचित पडून तपासू लागल्या. लोड खूपच खाली लागलाय. उशी उभी ठेवलीय, आडवी हवी. खांद्याखाली पदराची चुणी तशीच. टाचा अधांतरी नाहीत, सोफ्याच्या कडेवर टेकल्यात. मामांनी हे असं केलं असतं तर त्यांना दिवसभर सुनावलं असतं.

स्वयंपाकघरातून कपात चहा ओतल्याचा आवाज आला. एक कप. मग दुसरा.

"उठलात?" सून दारात आली. बॅग तिच्यामागे भिंतीपाशी उभी होती, अजून कुलूपही न काढलेली. "तुमचा डावा खांदा दुखतो ना, म्हणून वळवलं त्या अंगावरून. रोज बघता बघता चोळायचात तुम्ही. बरोबर जमलं का?"

मावशींनी तोंड उघडलं. लोड, उशी, चुणी, टाचा, सगळं जिभेच्या टोकावर रांग लावून उभं होतं. त्यांनी ते सगळं गिळलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

सून बोट वर करून पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. मावशी काहीच बोलल्या नाहीत. पडल्या पडल्याच त्यांनी सोफ्यावर थोडी जागा करून दिली.